रविवारचं वजन

पायलनं पहिल्यांदा मेंढीच्या पिल्लाले काट्यावर टांगलं, त्या दिवशी मी हसता हसता खालीच बसली. पोत्याच्या चुंगडीले चार भोकं पाडलेले, त्यातून पिल्लाचे चार पाय लोंबून राह्यले, अन् वरतं निंबाच्या फांदीले काटा. पिल्लू ब्यां ब्यां करून राह्यलं अन् माही बावीस वर्षाची पोट्टी वहीत लिहून राह्यली, मोठी तलाठीन लागून गेली ते.

"बारा किलो दोनशे," म्हणे.

"बाजारात नेते काय वं त्याले?"

"नाई माय. वाढते का नाई ते पाह्यतो."

"डोळे फुटले काय तुहे? वाढलं तं दिसन ना!"

"दिसत नाई, म्हणून तं टांगून राह्यलो," ती म्हणे, अन् दुसरं पिल्लू उचललं.

मी इंदूबाई. बोरी अरबपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. तोंडानं मी फटकळ हावो, हे अख्ख्या बौद्धपुऱ्याले माहीत हाये. माह्या नवऱ्यानं, धर्मपालनं, मरायच्या आधी दहा मेंढ्या घेतल्या होत्या. लोकं लय हसले. "काहो धर्मपाल, धनगर झाले काय?" म्हणे. धर्मपालले हसण्याचं काही वाटत नव्हतं, मले लय वाटे. मी एकएकाच्या घरी जाऊन भांडून येत होती. तो गेला, मेंढ्या राह्यल्या. पोरगा राजदीप पुण्याले कंपनीत लागला अन् बारावी झाल्यावर त्यानं पायललेही तिथंच लावलं.

आठ महिने राह्यली ती तिथी. बारा बारा तास उभं राहून खोक्यात माल भरायचा. परत आली तवा तिचे पाय असे सुजले होते का पायातली चप्पल मी कापून काढली. गेली तवा दिवसभर टकटक बोलणारी पोट्टी, आली तवा दोन दिवस फक्त झोपली. तिसऱ्या दिवशी चुलीजवळ येऊन बसली अन् म्हणे, "माय, तू म्हणशीन ते करतो. निंदाले जातो, वेचाले जातो. मले तिथी परत पाठवू नोको." मी म्हणलं, "कोण पाठवते तुले? पाठवून तं पाहो म्हणा!" पण पाठवणारा माहाच पोरगा होता.

राजदीप वाईट नाई. मनानं साधा हाये. पण एकदा डोक्यात घेतलं का घेतलं. फोनवर म्हणे, "मेंढरायमागं फिरून पोरीचं काय होईन माय? तुह्या मागं तिले कोण पाह्यन? इथी तिची जागा अजून हाये, साहेबाले मी बोललो."

पायलनं माह्या हातातून फोन घेतला. तिनं गावातल्या बायायसंगं मेंढीपालनाचं पाच दिवसाचं ट्रेनिंग केलतं. ती म्हणे, "दादा, आपले पिल्लं पाच महिन्याचे होते तवा तेरा-चौदा किलोचे भरते. काहून, तं निव्वळ गवत. मी पाच पिल्लायले अठरा किलोवर नेऊन दाखवतो. मंग तं पटन ना, का मेंढरावर माणूस जगू शकते?"

तो हसला असन तिकडं. मंग म्हणे, "जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येतो. पाचही अठराचे भरले, तं तुहं नाव नाई काढणार. एकही कमी भरलं, तं बॅग भरून ठेवायची."

"पाचही," पायल म्हणे. "कबूल."

मले काही ते पटलं नाई. मेंढरू म्हणजे गवत, अन् गवत म्हणजे मेंढरू. पिढ्यानपिढ्या लोकं चारत आले, कोणी वही घेऊन बसलं नव्हतं. पण पायल म्हणे का दिवाळी झाली का टेकडीवरचं गवत वाळते, कुसळं होते त्याचे. "त्यानं पोट भरते माय, अंग भरत नाई. वाढत्या पिल्लाले शेंगेच्या जातीचा पाला पायजे. तुरीचा, चवळीचा, नाई तं लसूणघास. गवत तं द्यायचंच, पण संगं मूठभर हे."

लसूणघासाले पाणी पायजे अन् आमच्या घरी तं रांजण भरायची मारामार. तवा मी विमलताईकडे गेली. विमलताईचं वावर आमच्या घराले लागून, कपाशी, तूर, हरभरा, अन् बारमाही विहीर. तिच्या एका पडीक तुकड्यात पावसाळाभर आमच्या मेंढ्या रात्री बसत होत्या, लेंडीखत आयतं पडे. मी म्हणलं, "विमलताई, यंदा मेंढ्या बसवल्याचं मले धान्य नोको. विहिरीजवळ दोन गुंठे दे अन् वरून पाणी."

"काय लावतं वं?"

"घास. मेंढरायले."

"मेंढरायले पाणी देऊन घास?" ती पदर तोंडाले लावून हसली. "इंदू, तुही पोट्टी पुण्याहून डोक्यावर परिणाम करून आली काय?"

"तुह्या डोक्यावर तं गावातच राहून झाला!" मी म्हणलं. तरी दिली तिनं जागा. दसऱ्याले आम्ही दीक्षाभूमीवर जाऊन आलो अन् दुसऱ्या दिवशी पायलनं बी फेकलं.

डिसेंबर लागला तवा पहिली कापणी आली. तोवर पिल्लं तीन महिन्याचे झाले होते, दहा होते. पायलनं पाचायच्या गळ्यात लाल दोरा बांधला. लाल दोऱ्यावाल्यायले गवत, कडब्याची कुट्टी अन् वरून लसूणघास. बिनदोऱ्याच्या पाचायले फक्त गवत अन् कुट्टी. मधात बांबूचा तट्ट्या लावला. म्हणे, फरक कशानं पडला ते कळलं पायजे.

तिचे नियमही लय. घास सकाळी दहाच्या आधी कापायचा नाई, पानावरचं दहिवर सुकू द्यायचं. कापल्यावर तासभर पसरून ठेवायचा, जरासा सुकला पायजे. आधी कोरडं गवत पोटात गेलं पायजे, मंगच घास, तोही मोजून. अन् शनिवारी संध्याकाळपासून पिल्लायले काहीच नाई. तोंडाले दोरीचं मुसकं बांधायचं, वावरात डवऱ्याच्या बैलाले बांधते तसं, म्हणजे रात्रभर इकडंतिकडं तोंड घालणार नाई. रविवारी सकाळी रिकाम्या पोटी वजन.

"काहून वं उपाशी?" मी म्हणलं. "लेकरायले रात्रभर उपाशी ठेवतं?"

"पोटात चारा असला तं वजन खोटं येते माय. चारा मोजायचा नाई मले, पिल्लू मोजायचं हाये."

पण खरं सांगतो, ते तट्ट्यापलीकडचे पाच पिल्लं माह्याच्यानं पाह्यवत नव्हते. इकडचे पाच हिरवंगार खाऊन राह्यले अन् तिकडचे पाच तट्ट्याच्या फटीतून नाक घालून पाहून राह्यले. मी दोन लेकरं वाढवले, एकाले भाकर अन् एकाले तुकडा असं कधी केलं नाई. पायल दुपारी मेंढ्यायमागं टेकडीवर गेली का मी हळूच दोन मुठी तिकडं टाकून देत होती.

दोन रविवार गेले अन् पायल वही घेऊन बसली ते उठेचना. बिनदोऱ्याचेही तितकेच वाढून राह्यले होते. मंग तिनं तट्ट्याखाली हात घातला अन् हिरवी काडी काढून माह्यासमोर धरली. मले वाटलं आता ओरडन. ओरडली नाई. डोळे भरून आले तिचे.

"माय, तूच काट्याले फसवशीन तं मी दादाले काय दाखवू?"

लय शरम वाटली मले. बापाच्या फोटोसमोर उभी करून तिनं माह्याकडून वदवून घेतलं, "म्हण, आता हात लावणार नाई." मी म्हणलं. तिनं ते दोन आठवडे वहीतून खोडले अन् पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर जे दिसलं ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. लाल दोऱ्याचे आठवड्याले सातशे, आठशे ग्रॅम चढे. बिनदोऱ्याचे तीनशेवर अडून बसत. जानेवारी लागला तवा फरक पाहाले काटाही लागत नव्हता. लाल दोऱ्यावाल्यायच्या पाठी भरल्या, लोकर चमकाले लागली, गोठ्यात शिरलं का ढुशी देऊन पाडाले पाहे. विमलताई मुद्दाम पाहाले आली अन् तोंडात बोट घालून गेली. पायल हसाले लागली होती. घास कापता कापता गाणं म्हणे. मी भाकरी टाकता टाकता ऐकत राहो अन् मनात म्हणो, धर्मपाल, पाह्य तुही पोट्टी.

आता तं माहा असा विश्वास बसला त्या घासावर का गावात कोणी भेटलं का मीच भाषण द्याले लागली. "गवतानं पोट भरते बाई, अंग नाई भरत!" लोकं रस्ता बदलून जाये.

शेवटच्या रविवारच्या आधीचा रविवार. चौघं साडेसतराच्या वर. पाचवा, काळ्या कानाचा, सोळा किलो नऊशे. तो पहिल्यापासूनच मागं होता, जुळ्यातला.

"आठवड्यात किती वाढते?" मी विचारलं.

"सातशे. लय झालं तं आठशे."

बोटावर मोजलं मी. सतरा सातशे. तीनशे कमी. "अन् एक कमी भरला तं?"

"मी दादाले समजावीन ना," पायल म्हणे. "चौघं भरले तं त्यालेही दिसन. वही हाये माह्यापाशी, दर रविवारचं खरं वजन हाये."

तिले राजदीप माहीत नव्हता काय? पाचही म्हणजे पाचही. त्याचा बाप तसाच होता. त्या आठवड्यात माहं जेवणात ध्यान राह्यलं नाई. भाकर तव्यावर जळे. मले ते सुजलेले पाय दिसत अन् ती कापलेली चप्पल. तीनशे ग्रॅम! एक तांब्या पाणी प्यालं तरी तीनशे ग्रॅम होते.

हेच माह्या डोक्यात शिरलं.

शनिवारी संध्याकाळी पायलनं नेहमीसारखे मुसके बांधले. तिची गाठ सैल, एक टोक ओढलं का सुटते. रविवारी उजाडता उजाडता ती उठली, केस विंचरले अन् म्हणे, "मी फाट्यावर जातो, दादा साडेसातच्या बसनं येते." कोऱ्या ड्रेसमध्ये गेली. जाताना गोठ्यात डोकावून काळ्या कानाच्याले म्हणे, "आज इज्जत ठेवजो रे बावा."

ती वळणाआड गेली अन् मी इळा घेतला.

विहिरीजवळचा घास ओलाचिंब होता. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं माहं. मी दोन मोठे भारे कापले, थेंब गळत होते खाली. तिचे नियम मले आठवत नव्हते असं मी म्हणणार नाई. सगळे आठवत होते. पण मले वाटलं, हे नियम चांगलं वाढवायसाठी असन. एक दिवस मोडले तं काय बिघडते? ओला घास जड भरते, बरंच हाये ना. कोणी मले सांगितलं नव्हतं का यानं मरते. का सांगितलंही असन, अन् मीच बडबड करत असन तवा.

मुसके सोडले. रात्रभराचे उपाशी ते, असे तुटून पडले का मले हसू आलं. काळ्या कानाच्यासमोर मी दोनदा जास्तीचं टाकलं, पण बाकीचे चौघं दांडगे, त्याले ढकलून देत अन् त्याचंही खात. तट्ट्यापलीकडचे पाच ओरडत होते. मी त्यायले म्हणलं, "चूप राहा रे, आज तुमचा दिवस नाई." भारा संपला, खालच्या काड्या मी वेचून चुलीत घातल्या, अन् मुसके परत बांधले. माह्या हातानं बैलाचीच गाठ बसते. तीस वर्ष लोकायच्या वावरात बैलायले बांधले, हात तेच करते. मंग हात धुतले अन् पुऱ्याची कणीक मळाले बसली. पोरगा चार महिन्यानं घरी येऊन राह्यला होता.

पुऱ्या तळता तळता मले पिल्लायचा आवाज येत नव्हता. मले वाटलं, पोट भरलं, निजले.

पायल अन् राजदीप हसत हसतच आले. "माय, वास फाट्यापर्यंत येऊन राह्यला!" तो म्हणे. पायल म्हणे, "पुऱ्या मागून, आधी वजन," अन् त्याचा हात धरून गोठ्यात नेलं.

मंग तिची किंकाळी.

मी धावली. दोघं आडवे पडलेले, पाय झाडत होते. दोघं उभे होते पण मान लांब करून, डोळे बाहेर. डावी कूस अशी फुगलेली का बोट मारलं तं ढोलकं वाजन. मुसक्यातून फेस गळून राह्यला होता. पायल गुडघ्यावर बसून मुसकं सोडून राह्यली होती अन् गाठ सुटत नव्हती. नखं मोडले तिचे. "इळा! माय, इळा!" मी दिला. तिनं एकएक मुसकं कापून फेकलं.

"तेल आण! गोडंतेल! सगळं आण!"

मी चुलीकडं पळाली. किलोभराची पिशवी सकाळीच फोडून मी कढईत ओतली होती. कढई चुलीवर धूर सोडून राह्यली होती. पिशवीत तळाशी राह्यलेलं तेवढं मी घेऊन गेली. पायलनं पिशवीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, "एवढंच?"

तेवढ्यात एकाचंच भागलं. काळ्या कानाचा सगळ्यात कमी फुगला होता, तो वाचण्यासारखा होता. तिनं त्यालेच पाजलं, तोंडात निंबाची काडी आडवी बांधली, पुढचे पाय उंच धरून राजदीपच्या मांडीवर दिला अन् कूस चोळाले लावली. मी विमलताईच्या घरी तेलासाठी धावली. तेल घेऊन आली तवा दोघं गेले होते. बाकीचे दोघं दहा-पंधरा मिनिटाच्या आत गेले. एकाचं डोकं पायलच्या कोऱ्या ओढणीवर होतं.

दारव्ह्याचे जनावरायचे डॉक्टर अकरा वाजता आले. त्यायनं वाकून पाह्यलं, तोंड उघडलं. दातात हिरवं होतं.

"उपाशी पोटी ओला लसूणघास," ते म्हणे. "अन् वरून मुसकं. ढेकर द्यालेही तोंड मोकळं नाई. कोणी चारलं?"

विमलताई उभी होती, राजदीप उभा होता, अर्धा मोहल्ला जमला होता. मी तोंड उघडलं. देवाशप्पथ नाई, बाबासाहेबाची शप्पथ घेऊन सांगतो, मी तोंड उघडलं होतं. ज्या तोंडानं मी अख्खं गाव हलवतो त्या तोंडातून आवाज निघाला नाई.

"मीच," पायल म्हणे. "कालचा भारा मी गोठ्यातच ठेवलता, पाणी मारून. मुसके सैल राह्यले असन. रात्री कवातरी खाल्ला असन त्यायनं."

डॉक्टर मान हलवून म्हणे, "एवढं शिकली पोरी, अन् हे नाई समजलं?"

तिनं मान खाली घातली. अन् मी? मले त्या घडीले काय वाटलं सांगू? मले बरं वाटलं. पोट्टीले स्वतःचीच चूक वाटून राह्यली, मले कोणी पाह्यलं नाई, हे मले बरं वाटलं. थू माह्या जिंदगानीवर.

राजदीपनं मागं जाऊन खड्डा खोदला. पण पायल पिल्लं देईना. तिनं चुंगडी आणली अन् मेलेल्या चौघायले एकएक करून काट्यावर टांगलं. पाय लोंबत होते, तसेच, पण हलत नव्हते. तिनं वहीत लिहिलं. एकोणीस सहाशे. एकोणीस आठशे. वीस. एकोणीस नऊशे.

"पोटातल्या घासाचा दीड किलो कमी केला," ती राजदीपले म्हणे, "तरी चौघंही अठराच्या वर होते, दादा."

राजदीप फावडं धरून उभा होता. त्याचेही डोळे लाल झाले होते. "मेले ना पायल," तो म्हणे. "मेलेल्याचं वजन घेऊन काय करू मी?"

काळ्या कानाचा सतरा सातशे भरला. बिनदोऱ्याचे पाच, गवतावरचे, चौदाच्या आसपास. त्यायचं वजन तिनं घेतलं नाई.

तीन दिवसानं निघायचं ठरलं. पायल एकदाही नाई म्हणाली नाई. कापलेली दोरी तिनं गोळा करून खुंटीले टांगली, गोठा झाडला, तट्ट्या काढला. मी दर घडीले ठरवो, आता सांगतो. पाण्याले जाताना सांगतो. जेवताना सांगतो. दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून राह्यली होती, मी दाराशी जाऊन उभी राह्यली. तिनं वर पाह्यलं अन् म्हणे,

"माय, माह्यानं लय मोठी चूक झाली. बाबाचे मेंढरं होते."

सांगायले यापेक्षा चांगली जागा कोणती होती? अन् मी काय म्हणलं ऐका.

मी म्हणलं, "जाऊ दे. होते माणसाच्यानं चुका."

मी तिले माफ केलं! माह्या गुन्ह्याची मी तिले माफी दिली अन् वरून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घडी केलेला ड्रेस तिनं पुन्हा उलगडला अन् पुन्हा घडी केली.

बोरी फाट्यावर बस आली. यवतमाळले जाऊन तिथून ट्रॅव्हल्सनं पुणं. राजदीपनं बॅगा चढवल्या. पायल खिडकीपाशी बसली. पायात नवीन चप्पल होती, एक नंबर मोठी. मी खिडकीचा गज धरून उभी, खालून वर पाहून राह्यली. कंडक्टरनं घंटी मारली.

"माय," ती म्हणे, अगदी हळू, राजदीपले ऐकू जाणार नाई इतकं. "काळ्या कानाच्याले घास दहिवर सुकल्यावरच टाकजो. अन् मुसक्याले बैलाची गाठ मारत नोको जाऊ. लवकर सुटत नाई ती."

बस हलली. माहा हात गजावरून सुटला का मी सोडला, मले माहीत नाई. मी चार पावलं मागं धावली, "पायल! अवं पायल!" तिनं मागं पाह्यलं नाई. तिच्या नजरेत राग असता तं बरं झालं असतं. नव्हता. त्या सकाळी ते मुसकं कापता कापताच तिले कळलं होतं. डॉक्टरसमोर मान खाली घातली तवा कळलेलं होतं. माहं माफ करणं तिनं कळूनच ऐकून घेतलं.

आता मी गावात सगळ्यायले सांगितलं. विमलताईले सांगितलं, डॉक्टरले फोन करून सांगितलं, राजदीपले सांगितलं. तो म्हणे, "आता काय उपयोग माय? तिची जागा पक्की झाली." पायललेच तेवढं सांगायचं राह्यलं. ती सांगू देत नाई.

रविवारी तिचा फोन येते, जेवणाच्या सुट्टीत. मी काळ्या कानाच्याले टांगतो, वाचतो, तिले सांगतो. दहा वाजल्यावर घास कापतो, पसरतो, आधी गवत देतो. एकही नियम मोडत नाई. परवाच्या रविवारी काटा थांबला अन् मी तीनदा वाकून पाह्यलं. अठरा किलो शंभर.

"पायल, अठरा भरले वं! शंभर वरतं!"

तिकडं मशिनीचा आवाज येत होता.

"पोट रिकामं होतं ना, माय?"

"हो वं. कालपासून काही नाई दिलं. तुह्यासारखीच सैल गाठ मारली. पायल, त्या दिवशी ना, मी..."

"माय, सुट्टी संपली," ती म्हणे. "लाइनीवर उभं राहायचं हाये."